मी बेकार नाही

कळंबच्या रस्त्यावरचं रिसॉर्ट बंद झालं ते करंजपाड्यात सगळ्यात आधी विमलला कळलं, आणि तिची एक चप्पल आतच राहिली. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. ती नेहमीसारखी सकाळी आठाला गेली तर फाटकाला कुलूप. आतून वॉचमन म्हणाला, जागा विकली, नवा मालक सगळं पाडून पुन्हा बांधणार, दोन वर्षं तरी कुणाचं काम नाही. विमलनं स्वयंपाकघरात ठेवलेल्या आपल्या चपला मागितल्या. त्यानं फाटकावरून एक फेकली. दुसरी काही सापडली नाही.

करंजपाड्याच्या आठ बायका तिथं होत्या. कुणी बागेत, कुणी चादरी धुवायला. विमल भाकऱ्या थापायची. शनिवार-रविवारचे पाहुणे तिच्या तांदळाच्या भाकरीचे आधी फोटो काढायचे, मग खायचे, तोवर भाकरी पार गार व्हायची. विमलला ते कधी पटलं नाही, पण महिन्याचा पगार वेळेवर मिळायचा म्हणून ती गप्प राहायची.

मग पदूचा टेंपो सुरू झाला. पदू हा कंत्राटदाराचा माणूस. खालापूरकडे एका गोदामात खोके भरायचं काम होतं. टेंपो पहाटे पाचाला यायचा आणि रात्री आठाला परत सोडायचा. टेंपोला बाक नव्हते. बायका उभ्यानं जायच्या, दिवसभर उभ्यानं खोके भरायच्या आणि उभ्यानं यायच्या. हिरूचे पाय इतके सुजले की जोडवी निघेनात. हिरू म्हणजे विमलच्या शेजारची, तोंडानं तिखट. तिचं धाकटं पोर तिला फक्त झोपलेलं दिसायचं. संक्रांतीपर्यंत सगळ्यांनी कसंबसं रेटलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी विमलची लेक भाविका, कर्जतला कॉलेजात शिकणारी, जेवता जेवता म्हणाली, "आई, आपलं जॉबकार्ड हाय ना घरात? रोजगार हमीत कागदावर काम मागितलं तर पंधरा दिवसांत द्यावं लागतं. आन नाय दिलं, तर घरी बसल्याचा भत्ता द्यावा लागतो."

"घरी बसल्याचा?" विमलनं विचारलं.

"हां. मजुरीच्या पाव हिश्श्यानं. पन देतात."

विमलनं ते रात्रभर डोक्यात ठेवलं आणि पहाटे टेंपोपाशी बाहेर काढलं. एका हातानं टेंपोचं फळकूट धरून ती बायकांना म्हणाली, "उतरा खाली. आपल्या गावचं तलं गालानं भरलंय, ते उपसायचं काम आपुन मागू. पंधरा दिस थांबा. काम नाय दिलं तर घरी बसल्याचं मिलंल. माझ्या शब्दावर थांबा."

पदूनं हॉर्न वाजवला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यात आधी हिरू उतरली, कारण तिचे पायच दुखत होते. मग बाकीच्या सहा उतरल्या. टेंपो रिकामा गेला तेव्हा विमलला जितका आनंद झाला तितकीच धडकीही भरली. आजवर तिच्या शब्दावर कुणी भाजीसुद्धा बदलली नव्हती आणि आज सात घरं थांबली होती.

ग्रामपंचायतीत रोजगार सेवक होता रूपेश. तो नामाच्या चुलतभावाचा मुलगा. नामा म्हणजे विमलचा नवरा, तेव्हा रूपेश तिचा पुतण्या झाला. येत्या निवडणुकीत सदस्य म्हणून उभं राहायचं त्याच्या मनात होतं, त्यामुळे अलीकडे तो इस्त्रीचा शर्ट घालायचा.

"काकी, तुमी कशाला आलात? फोन करायचा ना मला," तो म्हणाला.

"काम पायजे," विमल म्हणाली. "नऊ जनींना."

रूपेशनं बायका मोजल्या आणि नवव्या बाईपाशी थांबला. नववी होती धोंडूबाई, नामाची आई, सत्तरीची. तिला कुणी बोलावलं नव्हतं. जॉबकार्डावर आपलंही नाव आहे हे तिला नातीकडून कळलं, आणि ती लुगडं खोचून पुढे चालू लागली.

"आजी पन?"

"का? माझं हात झडलं का?" धोंडूबाई म्हणाली.

रूपेशनं अर्ज घेतला, वरवर पाहिला आणि टेबलाच्या खणात ठेवला. भाविकानं विमलला बजावून पाठवलं होतं की तारखेची पावती घेतल्याशिवाय हलू नकोस. विमलनं दोनदा घसा साफ केला. "याची पावती दे ना रं."

"काकी, आपल्या आपल्यात पावती कशाला? मी काय पलून चाललो?"

आदल्याच आठवड्यात तो तिच्या घरी वालाचं बिरडं खाऊन गेला होता, वाटी पुढे करून दुसऱ्यांदा मागून. ज्याला आपण वाढलं त्याच्याकडे पावती मागायला जीभ रेटत नाही. ती "बरं" म्हणाली. रूपेशनं मात्र शिपायाला बोलावून त्याच्या हातात फोन दिला, खणातला अर्ज पुन्हा बाहेर काढला, एक टोक विमलला धरायला लावलं, दुसरं आपण धरलं आणि सगळ्या बायकांना मागं उभं करून फोटो काढून घेतला. अर्ज परत खणात गेला.

पंधरा दिवस मोजायला लागलं की फार मोठे असतात. विमल रिकामी नव्हतीच. भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर नामानं वाल पेरला होता, त्याच्या शेंगा भरल्या होत्या. ती सकाळी शेतात जायची, कंबर मोडेपर्यंत शेंगा तोडायची, दुपारी म्हशीचं बघायची. पण नळावर गेलं की तोंड लपवावंसं वाटायचं. पदूचा टेंपो रोज पाचाला येऊन दोनदा हॉर्न वाजवायचा. तो मुद्दाम वाजवतो असं विमलचं म्हणणं होतं आणि ते खरंच होतं.

बाराव्या दिवशी पहाटे हिरू डबा घेऊन टेंपोपाशी उभी राहिली. विमल धावत गेली.

"तीन दिस ऱ्हायलं गं," ती म्हणाली.

"वयनी, तीन दिस माझ्या पोरांच्या ताटात वाढू?" हिरू म्हणाली. "तुमचं बरं हाय, तुमचा वाल हाय. माझ्या दारात काय हाय?"

विमल घरी गेली आणि पायलीभर वाल फडक्यात बांधून हिरूच्या ओट्यावर ठेवून आली. हिरू त्या दिवशी टेंपोत चढली नाही, पण विमलशी बोलायचीही थांबली. नळावर ती विमलच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईशी बोलायची. विमलला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

सोळाव्या दिवशी काम नाही, निरोप नाही. रूपेशला विचारलं तर म्हणाला, "वरनं मंजुरी यायचीय." भाविकानं फोनवर भत्त्याच्या अर्जाचा नमुना शोधून काढला आणि दुपारी नऊच्या नऊ बायका विमलच्या अंगणात जमल्या. मध्ये शेंगांचा ढीग होता. बोलता बोलता प्रत्येकीचे हात आपोआप शेंगा सोलायला लागले. हिरूही आली, पण पाठ विमलकडे करून बसली. नामा ओटीवर विळा घासत बसला होता आणि कान इकडे होते.

पहिला अर्ज वयाचा मान म्हणून धोंडूबाईचा. भाविका वाचायला लागली, "विषय, बेकार भत्ता मिळणेबाबत. मी, खाली अंगठा करणार, सध्या बेकार असून..."

"काय असून?" धोंडूबाईनं विचारलं.

"बेकार, आजी."

धोंडूबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. "परवा तुझ्या बापानं टमाटं आनलं ते बेकार निंगालं, म्हशीला घातलं. पदूच्या टेंपोचा बिरेक बेकार हाय. मी बेकार नाय."

"आजी, तसं नाय. बेकार म्हंजे ज्याला काम नाय तो."

"मला काम नाय?" धोंडूबाईचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि घरातल्यांना ठाऊक होतं की हे जास्त वाईट. "पहाटं उठून शेन काडलं. गोवऱ्या थापल्या. चूल सारवली. तुझी वेनी घातली. आन आता ह्या शेंगा काय भूत सोलतंय?"

नामा विळ्याकडे बघत म्हणाला, "आयेला बेकार बोलायची हिंमत माझ्या बापाचीबी झाली नाय. तुमी सरकारला सांगता."

"तुमी गप बसा वो," विमल म्हणाली. इथवर आणलेलं घोडं एका शब्दावर अडणार असं तिला दिसायला लागलं. "आये, नुस्ता शब्द हाय. कागदावर लिवला म्हंजे काय अंगाला चिकटतो?"

"मंग तू लिव तुझ्या कागदावर."

विमल लिहिणारच होती. तिनं पेन हातात घेतलं. सही तिला येत होती, चौथीपर्यंत शाळा झाली होती. तिनं ओळ वाचली आणि पेन तसंच राहिलं. अठरा माणसांच्या भाकऱ्या ती एका हातानं उलटवायची. लावणीत तिची ओळ कधी वाकडी आली नाही. तिलाही तो शब्द गिळवेना. मनात म्हणायला सोपं होतं, सही करायला नव्हतं.

तेवढ्यात हिरू, पाठ न वळवता, बोलली. "म्हातारी बरोबर बोलतेय. असलं लिवलेलं माझ्या घोवानं वाचलं तर रोज जेवताना वाचून दाखवील."

बायका हसल्या. हसता हसता सगळ्यांचं एकमत झालं. भाविका कपाळाला हात लावून म्हणत राहिली की नमुन्यात आहे तसंच लिहावं लागतं, पण तिचं कुणी ऐकलं नाही. धोंडूबाईनं सांगितलं आणि भाविकानं तिच्या शब्दांना शाळेचे कपडे घालून नऊ कागदांवर लिहिलं. मी बेकार नाही. मला काम येते. मी काम मागितले, ते दिले नाही. त्याचा भत्ता मिळावा. खाली आठ सह्या, एक अंगठा.

दुसऱ्या दिवशी मिनीडोअर रिक्षा करून सगळ्याजणी कर्जतला तालुक्याच्या ऑफिसात गेल्या. धोंडूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि प्रत्येक वळणावर त्याला हळू घे म्हणत राहिली. ऑफिसात रोजगार हमीच्या टेबलावर अनुपम नावाचा तरुण क्लार्क होता. कर्जतचाच, शिकलेल्या घरातला, बोलायला मऊ. त्यानं बायकांना बसायला सांगितलं आणि बसायला दोनच खुर्च्या आहेत हे पाहून स्वतःच ओशाळला.

"बेकार भत्ता?" त्यानं पुन्हा विचारलं. "तीन वर्षं झाली मला इथे. अजून कुणी मागितला नाहीये." मग तो म्हणाला, "काम मागितल्याची पोच पावती द्या."

विमलनं मान खाली घातली. "पावती नाय दिली त्यानं."

"मग काकू, काम मागितलं हे कशावरून? रेकॉर्डला तर तुमच्या गावातून मागणीच नाही."

बाकीच्या बायका विमलकडे पाहायला लागल्या. हिरूनंही पाहिलं. विमलचे कान तापले. सात घरांचे पंधरा दिवस आपण बिरड्याच्या भिडेपोटी घालवले, असं तिला वाटलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असंही वाटलं.

"एक मिनिट," भाविका म्हणाली. ती फोनवर बोट सरकवत होती. गावाच्या ग्रुपवर रोजच्या सुप्रभाताच्या फुलांखाली गाडला गेलेला एक फोटो तिनं वर काढला आणि क्लार्कसमोर धरला. फोटोत रूपेश हसत होता. विमलनं अर्जाचं टोक असं धरलं होतं की जणू ते पोळतंय. धोंडूबाई शिपायाकडे न बघता खिडकीबाहेरच्या शेळीकडे बघत होती. खाली रूपेशनं स्वतः लिहिलं होतं, आज दिनांक सोळा जानेवारी रोजी करंजपाड्यातील माता-भगिनींचा कामाच्या मागणीचा अर्ज स्वीकारताना ग्राम रोजगार सेवक आणि आपले सर्वांचे लाडके भावी सदस्य. त्याखाली चाळीसएक जणांनी हात जोडले होते.

अनुपमनं तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. अर्जावरची तारीखही वाचता येत होती. तो हसायला लागला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्यानं बोलावून दाखवला. "पावतीवर सही कुणाची ते तरी ओळखावं लागतं," तो म्हणाला. "इथे तर माणूसच उभा आहे. समोरच्या दुकानातून प्रिंट काढून आणा."

भाविका धावतच गेली. तोवर अनुपमनं अर्ज हातात घेतले. पहिला वाचला, दुसरा वाचला, मग नऊही चाळले.

"अहो काकू, हे काय? इथे लिहिलंय, मी बेकार नाही. मग भत्ता कसला मागताय? असा अर्ज मी पुढे कसा पाठवू?" तो वैतागला नव्हता, पण घाबरला होता. "असं करा, मी कोरे कागद देतो. नमुन्याप्रमाणे लिहा. पाच मिनिटांचं काम आहे."

त्यानं खरंच नऊ कोरे कागद मोजून टेबलावर ठेवले. विमलनं त्यांच्याकडे पाहिलं. भत्ता आता हाताच्या अंतरावर होता. एक शब्द लिहायचा आणि तिचा शब्द खरा व्हायचा. तिनं हिरूकडे पाहिलं. हिरूनं मान हलवली, नाही म्हणून. त्या टेंपोच्या पहाटेनंतर पहिल्यांदा तिनं विमलच्या डोळ्यांत पाहिलं होतं.

"आजी, तुम्ही तरी समजून घ्या," अनुपम धोंडूबाईला म्हणाला. "हा सरकारी शब्द आहे."

"मंग सरकारला लावा," धोंडूबाई म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या बाई तोंडाला पदर लावून उठून गेल्या. विमलला मात्र त्या उत्तरानं कुठून तरी बळ आलं. ती टेबलाजवळ सरकली. "साहेब, आमच्याकं काम नाय ही आमची चूक नाय. आमी मागितलं. तुमी नाय दिलं. जे झालं तेच लिवलंय. त्याच्यात खोटं काय हाय ते दाखवा, आमी खोडतो."

अनुपमनं पुन्हा एकदा अर्ज वाचला. त्यात खोटं काही सापडेना. शेवटी त्यानं नऊ अर्ज आणि फोटोची प्रिंट घेतली आणि आतल्या खोलीत अधिकारी प्रणिता मॅडमकडे गेला. बायकाही त्याच्या मागोमाग आत शिरल्या. त्यांना थांबा म्हणायला कुणी उरलंच नव्हतं.

प्रणिता मॅडम गार झालेला चहा पीत होत्या. त्यांनी नऊही अर्ज वाचले, एकसारखे असूनही एकेक करून. मग चष्मा काढला.

"हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

"माझ्या," धोंडूबाई म्हणाली.

"वय काय आजी?"

"लावनीला अजून वाकते."

मॅडम हसल्या. मग अनुपमला म्हणाल्या, "काम मागितलं, ही तारीख. पंधरा दिवस झाले, ही तारीख. काम दिलं नाही. कायद्याला एवढंच लागतं. बाई स्वतःला काय म्हणवते ते कायदा विचारत नाही. घ्या हे अर्ज. आणि प्रत्येकीला पोच द्या, शिक्क्यासकट." मग त्यांनी खऱ्या मनानं सांगून टाकलं, "पैसे यायला मात्र वेळ लागेल हं. आम्हीही कधी पाठवलेलं नाही, आम्हालाच आता वाट शोधायची आहे. पण कामाचं मी आजच बोलते."

नऊ शिक्के बसले. शाई ओली होती. बायका आपापल्या पावतीवर फुंकर घालत बाहेर आल्या, आणि जिन्यातून वर येणाऱ्या माणसाला कळेना की ह्या बायका हसतायत का फुंकतायत.

त्याच दिवशी ऊन उतरता उतरता रूपेशची मोटरसायकल विमलच्या दारात आली. इस्त्रीचा शर्ट चुरगळला होता, तोंड पडलं होतं.

"काकी, घरच्या मानसाची तक्रार करता?"

"तक्रार नाय रं केली. तुझाच फोटो दिला."

"मॅडमनी फोनवर झापलं मला. स्पीकर चालू व्हता. सगळं ऑफिस ऐकत व्हतं."

विमलला खरंच वाईट वाटलं. लहानपणी तो तिच्याच मांडीवर ताप काढून उठला होता. नामानं अंगणाच्या कडेला पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि चार अंडी घालून वर जाळ केला होता. विमलनं मडकं उपडं करून गरम शेंगा रूपेशपुढे ठेवल्या. तो नको म्हणाला आणि खायला लागला. निम्म्या शेंगा संपल्यावर त्यानं सांगितलं की सोमवारपासून तळ्याचा गाळ काढायचं काम सुरू, नऊही जणींची नावं हजेरीत आहेत. मग खिशातून एक कागद काढून तो हळूच म्हणाला, "काकी, काम दिलं म्हनून ह्याच्यावर सही करा. मला वर दाखवायला लागंल."

नामा जाळातलं लाकूड मागं ओढत म्हणाला, "आपल्या आपल्यात पावती कशाला रं?"

रूपेशनं मान खाली घातली, मग त्याचे खांदे हलायला लागले आणि शेंग तोंडात असतानाच तो हसला. विमलनं सही केली. तारीखही घातली.

सोमवारी तळ्यावर नऊ बायका उभ्या राहिल्या. तळं वरच्या अंगाला आटलं होतं आणि गाळाला भेगा गेल्या होत्या. टिकाव मारला की वरचं ढेकूळ कोरडं निघायचं, खाली लोण्यासारखा काळा चिखल. दोघी खणायच्या, दोघी फावड्यानं भरायच्या, बाकीच्या घमेली घेऊन बांध चढायच्या. पहिल्या दिवशी सगळ्यांचे खांदे भरून आले. विमलच्या तळहाताला फोड आले, तिनं त्यावर फडकं गुंडाळलं. पण दुपारी घरी जाऊन जेवता येत होतं. हिरूचं धाकटं पोर बांधावर बसून आईला हाका मारायचं आणि हिरू दर खेपेला त्याला काहीतरी खोटंखोटं रागावून जायची. एवढ्यासाठीच तिला खेपा घालाव्याशा वाटायच्या.

धोंडूबाईला वयामुळे पाणी पाजायचं हलकं काम दिलं होतं. ती पाणी पाजायची आणि रूपेशचं लक्ष नसलं की घमेलंही उचलायची.

तीन आठवडे गेले. भत्त्याचं कुणी बोलत नव्हतं. विमल मनातल्या मनात रोज एकदा म्हणायची, काम मिळालं, आता भत्ता नाही आला तरी चालेल. पण तिला ते पटत नव्हतं. ती म्हणाली होती की घरी बसल्याचंही मिळेल, आणि बायका तेही ऐकून उतरल्या होत्या.

एका मंगळवारी, उन्हं चढत असताना, बांधावर ओळीनं ठेवलेल्या पिशव्यांतून एक फोन वाजला. मग दुसरा. मग तीन एकदम. बायका चिखलाच्या हातांनी पळाल्या. हिरूनं ओच्याला हात पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला, वाचला आणि पुन्हा वाचला. मग ती विमलकडे आली. "वयनी, आलं," ती म्हणाली. "बसल्याचं आलं गं." आणि तिनं चिखलाच्या हातांनी विमलला मिठीच मारली. विमलला रडू फुटलं. आपण का रडतोय ते तिला नीट ठाऊक होतं. आपला शब्द आपल्यापेक्षा मोठा होऊन बसला होता आणि आज तो खाली उतरला होता. ती रडता रडता हसली, आणि तिला हसताना पाहून बाकीच्याही हसायला लागल्या.

"आये, तुझं आलं का?" कुणीतरी विचारलं.

धोंडूबाईकडे फोन नव्हता. तिच्या खात्याला नामाचा नंबर जोडलेला होता. तेवढ्यात वालाच्या शेतातून नामाच धावत येताना दिसला. फोन त्यानं डोक्यावर धरला होता आणि एका हातानं तो धोतर सावरत होता. त्याच्या मागून भाविका. बांधावर येऊन त्यानं फोन लेकीच्या हातात दिला, कारण चष्मा घरी राहिला होता.

"आजी, तुझ्या खात्यावर जमा झालं," भाविका म्हणाली.

"कसलं? ह्या कामाचं?"

"नाय आजी. ह्या कामाचं वेगलं यील. हे तुला काम दिलं नाय त्याचं."

धोंडूबाई बांधावर बसली. पाण्याचा तांब्या तिनं मांडीवर घेतला. म्हातारीला आनंद झाला की आणखी काही, ते बायकांना कळेना.

"माझं लगीन झालं तवा मी चौदाची," धोंडूबाई म्हणाली. "तवापास्नं लावनी केली. कापनी केली. शेन काडलं, पोरं वाढवली, सासूचं हगमूत केलं. जलमभर केल्याचं मला कोनी दिलं नाय. आन नाय केल्याचं सरकारनं दिलं." तिनं बायकांकडे पाहिलं आणि तिचं बोळकं उघडलं. "आजून कुटं बसायचं असंल तर सांगा."

हसून हसून दोघीजणी गाळातच बसल्या. हिरूच्या डोळ्यांतून पाणी आलं. नामा मात्र हसत नव्हता. तो आईकडे बघत उभा होता. चौदा वर्षांच्या पोरीनं शेण काढायला सुरुवात केली ती ह्याच घरात, आणि ते जे कुणी दिलं नाही त्यात आपणही आलो, हे त्याला आत्ता कळत होतं.

"आये," तो म्हणाला, "तुझं आजपत्तोरचं किती झालं?"

धोंडूबाईनं त्याच्याकडे वर पाहिलं. तिनं उगाच विचार केल्यासारखं केलं. "तुज्यानं देववनार नाय," ती म्हणाली. "ते घमेलं उचल."

नामाचं नाव हजेरीत नव्हतं. तरी त्यानं चपला बांधावर काढून ठेवल्या, विमलनं भरलेलं घमेलं डोक्यावर घेतलं आणि बांध चढू लागला.